यादीतले पहिले नाव



ज्याने बँकेत ३६ वर्षे नोकरी केली, त्याच्या आयुष्यात याद्यांची उणीव नसते. खातेदारांची यादी, थकबाकीदारांची यादी, निवृत्तिवेतनधारकांची यादी, हरवलेल्या पासबुकांची यादी. सकाळी शाखेचे शटर वर गेल्यापासून संध्याकाळी रोकड जुळेपर्यंत ‘अमुक नाव यादीत आहे का?’ या एकाच प्रश्नाची उत्तरे मी देत आलो. २०१८ साली निवृत्त झालो, तेव्हा या प्रश्नाने माझा कायमचा निरोप घेतला अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो वेष पालटून माझ्या घरच्या संगणकात येऊन बसला आणि गेल्या जून महिन्यात त्याने मला माझी एक चूक दाखवून दिली. चूक एका ओळीची होती. तिचा ताप मात्र एका कुटुंबाला सोसावा लागला. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

माझे मूळ गाव कोल्हापूर जिल्ह्यातले. नोकरीतल्या अखेरच्या बदलीने येरवड्यात आलो आणि इथलाच झालो. येरवडा म्हटले की बाहेरच्या माणसाला प्रथम कारागृह आठवते. १९३२ साली पुणे करार जेथे झाला ते हेच. त्यानंतर मनोरुग्णालय आठवते. अलीकडे मात्र या भागाची ओळख बदलली आहे. तुरुंगाच्या रस्त्यानेच पुढे गेले की काचेच्या भिंतींचे आयटी पार्क लागते आणि सकाळी गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तरुण मुले-मुली तिकडे लगबगीने जाताना दिसतात. माझी सून त्यांपैकीच एक. ती मला आमच्याकडच्या रीतीप्रमाणे ‘मामा’ म्हणते, आणि संगणकाच्या बाबतीत ती माझी गुरू आहे.

आमच्या भागातील समाजबांधवांचे एक छोटे मंडळ आहे. दर वर्षी जून महिन्यात गरजू कुटुंबांतील मुलांना वह्या-पुस्तके आणि शाळा-महाविद्यालयाच्या शुल्कासाठी साहाय्य दिले जाते. लाभार्थी कुटुंबांची यादी मंडळाकडे असते आणि प्रत्येक कुटुंबाला एक क्रमांक दिलेला असतो. गेल्या वर्षी अशी ८४ कुटुंबे होती आणि क्रमांक १०१ पासून सुरू होत होते. पूर्वी हे अर्ज कागदावर भरून घेत असू. रविवारी सकाळी मंडळाच्या दारात रांग लागे, आणि त्या रांगेत उभे राहण्याचा संकोच अनेकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसे. तो संकोच टळावा, घरबसल्या मोबाइलवरून अर्ज भरता यावा, म्हणून एक वेबपान तयार करावे असे मी सुचवले. कोण तयार करणार, असा प्रश्न आला तेव्हा मीच हात वर केला. निवृत्तीनंतर वेळ जावा म्हणून अप्पा बळवंत चौकातून जावास्क्रिप्ट या संगणकभाषेचे एक जुने पुस्तक आणून मी अभ्यास सुरू केला होता. एम. कॉम. झालेल्या माणसाला खतावणी समजते. मग ही भाषा का समजू नये, असा थोडा अभिमानही त्यामागे होता.

पानाचे काम साधे होते. अर्जदाराने आपला कुटुंब क्रमांक टाकावा. तो यादीत असेल तर अर्ज उघडावा. नसेल तर ‘आपला क्रमांक यादीत नाही’ असा संदेश यावा. मी स्वतः मधला एक क्रमांक, १३७, टाकून पाहिला. अर्ज उघडला. आणखी दोन क्रमांक पाहिले, तेही उघडले. मंडळाच्या बैठकीत प्रात्यक्षिक दाखवले, सर्वांनी कौतुक केले आणि पान सुरू झाले. अर्जासाठी १० दिवसांची मुदत होती.

नवव्या दिवशी आलेले अर्ज चाळताना १०१ क्रमांकाचा अर्ज आला नसल्याचे माझ्या ध्यानात आले. हे कुटुंब योजनेच्या पहिल्या वर्षापासून यादीत होते. किंबहुना पहिला अर्ज त्यांचाच होता, म्हणून क्रमांकही पहिला. घरातील कर्ता पुरुष अकाली गेलेला, आई शिवणकाम करून दोन मुलांना वाढवते आहे. मला वाटले, कदाचित यंदा त्यांना गरज नसेल. फोन करून विचारावे असे क्षणभर मनात आले, पण मी तो केला नाही. या लेखात मला ज्या चुकीची सर्वाधिक खंत आहे ती हीच. संगणकातील चूक तिच्यानंतरची.

त्याच दिवशी संध्याकाळी सौभाग्यवतींना त्या भगिनी भाजी घेताना भेटल्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “यंदा आमचं नाव यादीतून काढलेलं दिसतंय. असू दे, काकू. इतकी वर्षं मंडळानं केलं, आता दुसऱ्या कुणाला गरज असेल.” थोरल्या मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाचे पैसे भरण्यासाठी त्यांनी शेजारी उसनवारी केली होती, हेही कळले. रात्री जेवताना हे ऐकले आणि घास घशाखाली उतरेना. नाव काढण्याचा ठराव झालाच नव्हता. मी पान तयार केले तेव्हा यादी जशी होती तशीच आत घातली होती.

ताट बाजूला सारून संगणक उघडला. १०१ टाकले. पडद्यावर शांतपणे अक्षरे उमटली, ‘आपला क्रमांक यादीत नाही’. शेजारच्या चौकटीत तीच यादी उघडी होती आणि तिच्या अगदी वर, सर्वांत पहिला, १०१ हा आकडा माझ्याकडे पाहत होता. डोळ्यांसमोर असलेली नोंद यंत्र ‘नाही’ म्हणत होते.

सूनबाई कार्यालयातून परतल्या तेव्हा साडेनऊ झाले होते. तिने माझा चेहरा पाहिला आणि पाणीही न पिता खुर्ची ओढून बसली.

“मामा, यादीत नसलेला एखादा आकडा टाकून पाहिलात का?”

“नसलेला कशाला टाकायचा?”

“टाका तर.”

मी ९९९ टाकले. अर्ज उघडला.

मी थक्क होऊन पाहतच राहिलो. ती हसली नाही, हे तिचे मोठेपण. म्हणाली, “तुमचं पान सगळ्यांना आत घेतंय, मामा. फक्त यादीतल्या पहिल्याला सोडून.”

आता हे असे का झाले, ते सांगतो. आपल्यापैकी ज्यांची मुले-नातवंडे या क्षेत्रात आहेत त्यांना ते कदाचित ठाऊक असेल. ज्यांना नाही त्यांनाही ते समजण्यासारखे आहे.

संगणकाच्या भाषेत क्रमाने मांडलेल्या मूल्यांच्या रांगेला ‘ॲरे’ म्हणतात. आपली ८४ क्रमांकांची यादी म्हणजे असा एक ॲरे. या रांगेतील स्थाने एकपासून मोजत नाहीत, शून्यापासून मोजतात. हे विचित्र वाटते खरे, पण आपल्या इमारतीतील लिफ्टचे उदाहरण घ्या. तळमजल्याच्या बटणावर बहुधा शून्य असते, कारण तो जमिनीपासून शून्य मजले वर आहे. त्याच न्यायाने रांगेतले पहिले मूल्य आरंभापासून शून्य अंतरावर असते. म्हणून पहिल्याचे स्थान ०, दुसऱ्याचे १, आणि ८४ व्याचे ८३.

माझ्या जुन्या पुस्तकात एखादे मूल्य ॲरेत शोधण्यासाठी ‘इंडेक्सऑफ’ नावाची आज्ञा दिली होती. ती आज्ञा ‘आहे की नाही’ असे उत्तर देतच नाही. ‘कितव्या स्थानी आहे’ हे सांगते. १३७ विचारले तर स्थान सांगेल. १०१ विचारले तर शून्य सांगेल, कारण ते पहिले. आणि मूल्य सापडलेच नाही तर? शून्य तर पहिल्याच्या वाट्याला गेलेले, म्हणून न सापडल्याची खूण म्हणून ती ‘उणे १’ हे उत्तर देते.

माझी चूक अशी झाली की, त्या उत्तराला मी थेट ‘जर’च्या दारात उभे केले. ‘जर इंडेक्सऑफचे उत्तर खरे असेल तर अर्ज उघड’ अशी ओळ लिहिली. जावास्क्रिप्टमध्ये अशा ठिकाणी संख्या आली तर शून्याला ‘खोटे’ समजले जाते, आणि इतर कोणत्याही संख्येला, ती उणे का असेना, ‘खरे’ समजले जाते. परिणामी मधल्या ८३ जणांना प्रवेश मिळाला, कारण त्यांची स्थाने १ ते ८३. यादीत नसलेल्या कोणालाही प्रवेश मिळाला असता, कारण उणे १ हेही ‘खरे’. आणि जिचे नाव सर्वांत आधी लिहिले गेले होते, ती एकटी दाराबाहेर राहिली. मी तपासणीसाठी मधलेच क्रमांक टाकले होते, त्यामुळे दोन्ही दोष लपून राहिले.

लेखापरीक्षणाला येणारे आमचे अनुभवी अधिकारी नोंदवहीची पहिली आणि शेवटची नोंद हमखास पाहत, आणि जी नोंद असू नये ती आहे का, तेही पाहत. हे सारे मला ठाऊक होते. दुसऱ्याच्या वह्या तपासताना जे भान असते, ते स्वतःच्या कामाच्या वेळी सुटले.

सूनबाईंनी ती एक ओळ खोडली आणि तिच्या जागी ‘इन्क्लूड्स’ ही आज्ञा लिहिली. ही आज्ञा स्थान सांगत नाही. मूल्य ॲरेत असेल तर ‘खरे’, नसेल तर ‘खोटे’, एवढेच सांगते. मला जो प्रश्न विचारायचा होता, त्याचेच हे उत्तर. मी विचारले, “मग माझ्या पुस्तकात ही का नाही?” तेव्हा तिने जो इतिहास सांगितला तो मला फार रंजक वाटला.

जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत असताना अवघ्या १० दिवसांत प्राथमिक रूपात सिद्ध केली. आरंभी ॲरेत शोध घेण्याची कोणतीही तयार सोय तिच्यात नव्हती. लिहिणारा स्वतःच एकेक मूल्य तपासत जाई. २००९ साली भाषेच्या प्रमाणित स्वरूपाची पाचवी आवृत्ती आली आणि तिच्यात ‘इंडेक्सऑफ’ला स्थान मिळाले. पुढे ‘आहे की नाही’ एवढेच सांगणारी सोय आणण्याचे ठरले तेव्हा तिचे नाव ‘कंटेन्स’ असे योजले होते. परंतु ‘मूटूल्स’ नावाच्या एका जुन्या साधनात त्याच नावाची स्वतःची सोय होती आणि असंख्य संकेतस्थळे तिच्यावर उभी होती. २०१४ च्या सुमारास नवे नाव वापरून पाहताच ती जुनी संकेतस्थळे बिघडू लागली. तेव्हा भाषेच्या नियामकांनी आपला आग्रह सोडून नाव बदलले, आणि २०१६ च्या आवृत्तीत ‘इन्क्लूड्स’ हे नाव रूढ झाले. नव्याने येणाऱ्याने जुन्या बिऱ्हाडकरूला न हलवता आपली जागा शोधावी, तसे हे झाले. माझे पुस्तक त्याआधीचे होते.

त्या रात्री आम्ही दोघांनी बारा वाजेपर्यंत बसून आलेले सारे अर्ज आणि पानावर आलेल्या चौकश्या तपासल्या. तेव्हा आढळले की योग्य आज्ञा वापरली तरी यंत्र ‘नाही’ म्हणू शकते, आणि माणूस यादीत असू शकतो.

एका आजोबांनी मोबाइलवर मराठी कळफलक ठेवला होता. त्यांनी आपला क्रमांक देवनागरी आकड्यांत टाकला. आमच्या यादीतले आकडे इंग्रजी होते. आपल्या दृष्टीने दोन्ही एकच, पण संगणकाच्या लेखी प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र संकेतांक असतो आणि देवनागरी ‘१’ व इंग्रजी एक हे दोन भिन्न प्राणी ठरतात. माझ्या सदोष ओळीने सर्वांनाच आत घेतल्यामुळे त्यांचा अर्ज उघडला होता; ओळ दुरुस्त होताच ते बाहेर पडले असते. एका ताईंच्या आकड्यापुढे चुकून एक रिकामी जागा पडली होती. डोळ्यांना ती दिसत नाही, यंत्राला दिसते. शिवाय चौकटीत टाकलेला आकडा संगणक आधी ‘मजकूर’ म्हणून घेतो. यादीत तो ‘संख्या’ म्हणून असेल, तर मजकूर १०१ आणि संख्या १०१ यांची गाठ ‘इन्क्लूड्स’ घालून देत नाही.

नावांची गंमत याहून मोठी. आमची जुनी यादी काही मराठी तर काही हिंदी भाषक कार्यकर्त्यांनी टंकलिखित केली होती. त्यामुळे आपल्या समाजातील ‘चोरडिया’ हे आडनाव कुठे साध्या ‘ड’ने, तर कुठे हिंदी पद्धतीने खाली टिंब दिलेल्या ‘ड़’ने आले होते. त्यातही हे टिंबाचे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येते: एकसंध एक चिन्ह म्हणून, अथवा ‘ड’ आणि टिंब अशी दोन चिन्हे म्हणून. पडद्यावर दोहोंचे रूप सारखेच. ‘दुसऱ्या’, ‘कोपऱ्यात’ यांतील आपला ‘ऱ’सुद्धा असाच दोन तऱ्हांनी साठवलेला आढळतो. अशा जोड्यांना एका रूपात आणण्यासाठी ‘नॉर्मलाइझ’ नावाची आज्ञा २०१५ पासून जावास्क्रिप्टमध्ये आहे. ती साठवणुकीचा भेद मिटवते. पण टिंबाचा ‘ड़’ आणि बिनटिंबाचा ‘ड’ ही एकाच घराण्याची दोन लेखनरूपे आहेत, हे तिला कळत नाही. ते माणसालाच ठरवावे लागते.

“आणि मामा, ही तपासणी अर्जदाराच्या मोबाइलमध्ये होते,” सूनबाई म्हणाल्या. “जाणकार माणूस ती चुकवू शकतो. खरी तपासणी सर्व्हरवर हवी.” आमच्या सर्व्हरवर पीएचपी ही भाषा आहे. तिच्यात याच कामासाठी ‘इन-ॲरे’ नावाची आज्ञा आहे, आणि तिची खोड उलट दिशेची. विशेष सूचना दिली नाही, तर ती तुलना सैलपणे करते. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये पीएचपीची आठवी आवृत्ती आली. त्यापूर्वी शून्य ही संख्या आणि कोणताही अक्षरी शब्द यांना ती समान मानत असे, म्हणजे यादीत एक शून्य असले की कोणतेही नाव ‘आहे’ ठरे. यावर उपाय म्हणून त्या आज्ञेला तिसरी एक सूचना देता येते. ती दिली की मूल्य आणि प्रकार दोन्ही जुळल्याशिवाय ती ‘आहे’ म्हणत नाही. मात्र तेवढी काटेकोर तुलना करायची तर आधी दोन्ही बाजू एका प्रकारात आणल्या पाहिजेत, नाहीतर पुन्हा खरा माणूस बाहेर. आम्ही तसे केले: रिकाम्या जागा काढल्या, देवनागरी आकडे इंग्रजीत पालटले, सारे क्रमांक मजकूर म्हणून ठेवले आणि मगच तुलना केली.

अंथरुणावर पडलो तरी झोप लागेना. मला १९८० च्या दशकातली एक दुपार आठवत होती. नवा नवा लिपिक होतो. धनादेश वटवण्यापूर्वी ‘स्टॉप पेमेंट’ची नोंदवही पाहावी लागे, खातेदाराने ज्याचे पैसे देऊ नका असे कळवले आहे, असा धनादेश चुकून वटला तर जबाबदारी बँकेवर येते. त्या दुपारी गर्दी होती. मी वही पाहिली, त्या खात्याच्या पानावर नोंद नव्हती, आणि धनादेश पुढे सरकवला. नोंद होती, मात्र ती लिहिताना खाते क्रमांकातले दोन अंक उलटसुलट पडल्याने दुसऱ्याच पानावर गेली होती. पैसे परत मिळवण्यासाठी शाखेला बरीच यातायात करावी लागली. आमच्या व्यवस्थापकांनी मला दटावले नाही. ते इतकेच म्हणाले, “तुम्हाला नोंद सापडली नाही. तुम्ही सांगितलंत, नोंद नाही. या दोन वाक्यांत फरक आहे.”

तोच फरक मला आमच्या येरवड्यातच आणखी एका ठिकाणी दिसला होता. १८२१ साली स्थापन झालेल्या संस्थेतून पुढे आलेले डेक्कन कॉलेज आमच्या घरापासून दूर नाही. तेथे १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचे काम सुरू केले. सुमारे १५०० ग्रंथांतील शब्द आणि त्यांचे संदर्भ हाताने चिठ्ठ्यांवर उतरवले गेले. या चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात सांगितली जाते. या कोशाचे पहिले प्रधान संपादक डॉ. अ. मा. घाटगे, अर्धमागधीचे आणि जैन वाङ्मयाचे ते थोर अभ्यासक, म्हणून आपल्या वाचकांना हे नाव परिचित असेल. पहिला खंड १९७६ च्या सुमारास निघाला. मला एकदा तो विभाग पाहण्याचा योग आला. कपाटांच्या रांगाच रांगा, आणि खणांत वर्णानुक्रमाने लावलेल्या चिठ्ठ्या.

एक कोटी चिठ्ठ्यांत एखादा शब्द आहे का, हे एकेक चिठ्ठी उलटून पाहावयाचे तर आयुष्य पुरणार नाही. ‘इन्क्लूड्स’ मात्र आरंभापासून एकेक मूल्य पाहतच पुढे जाते. ८४ नावांना ते चालते. क्रमाने लावलेल्या संचात दुसरी युक्ती साधते: मधली चिठ्ठी काढावी, आपला शब्द तिच्या आधीचा की नंतरचा ते पाहावे, अर्धा संच बाजूला ठेवावा आणि उरलेल्या अर्ध्यात पुन्हा तेच करावे. अशा रीतीने एक कोटी चिठ्ठ्यांत फार तर २४ वेळा पाहून उत्तर मिळते. संगणकातही हीच पद्धत वापरतात. तिची अट एकच: क्रम बिनचूक हवा. एखादी चिठ्ठी चुकीच्या खणात पडली, तर ती कपाटात असूनही शोधणाऱ्यासाठी नाहीशी होते. ज्या ऋषितुल्य माणसांनी वर्षानुवर्षे त्या चिठ्ठ्या जागच्या जागी ठेवल्या, त्यांच्या कामाचे मोल मला त्या रात्री नव्याने कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या अध्यक्षांना फोन करून सारे सांगितले. चूक माझी आहे, हे स्पष्ट सांगितले. त्यांनी मुदत आठ दिवस वाढवली, आणि बाहेरच्या कोणा व्यक्तीचा अर्ज चुकीने स्वीकारला गेला आहे का, हे कार्यकर्त्यांनी मूळ यादीशी हाताने ताडून पाहिले. सुदैवाने तसा एकही अर्ज नव्हता.

मग मी आणि सौभाग्यवती त्या भगिनींच्या घरी गेलो. शिवणयंत्रावर कुणाचा तरी पोलका अर्धा शिवून ठेवला होता. मी म्हणालो, “ताई, तुमचं नाव कुणीही काढलेलं नाही. पान मी तयार केलं, त्यात मी चुकलो. मी क्षमा मागायला आलोय.”

त्या गडबडून उठल्या. “काका, असं नका म्हणू. यादीत नाव नाही असं दिसलं, तेव्हा वाटलं, मंडळानं विचार करूनच ठरवलं असेल. परत विचारायला कसंसंच वाटलं.”

हे वाक्य मी विसरू शकत नाही. आम्ही रांगेचा संकोच टाळण्यासाठी ते पान केले होते, आणि त्या पानाने एक नवा संकोच निर्माण केला. रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला ‘नाही’ म्हटले, तर तो निदान ‘पुन्हा एकदा बघा ना’ असे म्हणू शकतो. पडद्यावरच्या ‘नाही’ला तसे विचारता येत नाही. माझ्या एका ओळीतील चूक त्या माउलीला समाजाचा निर्णय वाटली, आणि तिने तो निमूटपणे मान्य केला. ज्याला खरोखर गरज असते तो बहुधा वाद घालत नाही.

मी माझा मोबाइल त्यांच्या हाती दिला. त्यांनी १०१ टाकले. अर्ज उघडला. थोरल्या मुलीने अकरावीला माहिती तंत्रज्ञान हा विषय घेतला होता. ती जवळ आली आणि नेमकी कोणती ओळ चुकली होती ते विचारू लागली. मी जुनी ओळ कागदावर लिहून दाखवली. तिने क्षणभर पाहिले आणि म्हणाली, “आजोबा, म्हणजे आम्ही पहिले होतो म्हणून असं झालं?” मी म्हणालो, “हो बाळ, तुम्ही पहिले होता म्हणूनच.” आई-मुली दोघी हसल्या, आणि दोन दिवसांनंतर मला मोकळा श्वास घेता आला.

आज अनेक गावांतली मंडळे, पाठशाळा, वसतिगृहे आपल्या याद्या संगणकावर नेत आहेत. ते योग्यच आहे. हे काम आपल्या घरातील तरुण मुलेच करणार आहेत, म्हणून वडीलकीच्या नात्याने काही गोष्टी सांगतो. यादीतले पहिले नाव टाकून पाहा, शेवटचे टाकून पाहा, आणि यादीत नसलेले एक नाव मुद्दाम टाकून पाहा. आकडे मराठीत टाकून पाहा, पुढेमागे एक रिकामी जागा ठेवून पाहा. ज्यांचा अर्ज येणे अपेक्षित होते आणि आला नाही, त्यांना फोन करा.

आमच्या पानावरचा संदेशही आम्ही बदलला. ‘आपला क्रमांक यादीत नाही’ हे वाक्य काढून टाकले. आता तेथे असे लिहिले आहे: ‘हा क्रमांक आम्हाला सापडला नाही. चूक आमचीही असू शकते. कृपया फोन करा.’ खाली माझा क्रमांक दिला आहे. यंदा पहिल्या दिवशी तीन फोन आले. तिघांचीही नावे यादीत होती.